जुन्या मस्टँगला एक्सप्लोररचा मागचा ॲक्सल

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग आहे, इंजिन तगडं केलंय आणि मागचा ॲक्सल टिकेल का याची धाकधूक आहे, तर अमेरिकेतल्या भंगारवाल्याकडे १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची (म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा व्यास ८.८ इंच) ॲक्सल शोधा. ३१ स्प्लाइनचे (टोकाला ३१ खाचा असलेले) शाफ्ट, डिस्क ब्रेक, शिवाय पाच बोल्टचं पॅटर्नही मस्टँगचंच. डिफच्या (डिफरन्शियल, ॲक्सलवरचा गिअरांचा गोळा) कव्हरवरच्या बिल्ल्यावर ३एल७३ (3L73) दिसलं की घ्या उचलून, ३.७३ गिअर रेशो आणि लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफ) दोन्ही मिळतं.

खरी गोम अशी की एक्सप्लोररचा डिफ मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे शाफ्टभोवतीची डावी ट्यूब लांब असते; ती साधारण तीन इंच कापायची आणि दुसऱ्या एक्सप्लोररचा उजवा आखूड शाफ्ट डावीकडे घालायचा, म्हणजे शाफ्ट नवा बनवून घ्यायचा खर्च वाचतो. पण कापलेली ट्यूब अंदाजपंचे वेल्ड करू नका हां, आत अलाइनमेंट बार (ट्यूब सरळ रेषेत धरणारा दांडा) घालून, थोडं थोडं वेल्ड करत, मध्ये गार होऊ देत, नाहीतर ट्यूब वाकते आणि बेअरिंग खातं. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका जुन्या कापून नव्या लावाव्या लागतात, त्या मात्र गाडी चाकांवर उभी असताना पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो त्या डिफच्या पुढच्या गिअरचा) अँगल बघूनच पक्क्या करा. प्रॉपेलर शाफ्टला वेगळा फ्लँज लागतो, हँडब्रेकच्या केबलीही जुळवाव्या लागतात.