कँटोनीज कुंग-फू सिनेमे बघायचेत? मग या क्रमाने बघा

मी तबला वाजवतो. कँटोनीज म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी भाषा. तिच्यातल्या या सिनेमांकडे मी ओढला गेलो तो आधी कानाने, डोळे मागाहून आले. त्यामुळे खालच्या सूचना जरा एकांगी वाटतील, चालवून घ्या.

सगळ्यात आधी ऑडिओ तपासा. पुष्कळदा इंग्रजी किंवा हिंदी आवाज आपोआप सुरू होतो. सेटिंगमध्ये जाऊन कँटोनीज निवडा आणि सबटायटल्स लावा. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून वैतागू नका. त्या काळी हाँगकाँगमध्ये चित्रीकरण बहुतेक मुकंच व्हायचं, संवाद नंतर स्टुडिओत भरायचे. म्हणजे कँटोनीजही डबच! पण त्यातले टोमणे, बाजारातली हुज्जत, म्हाताऱ्या गुरूची किरकिर ऐका. इंग्रजी डबिंगमध्ये सगळी माणसं एकाच सुरात धमक्या देतात.

हाँगकाँगचा प्रत्येक जुना कुंग-फूपट कँटोनीज असतो असंही नाही. ब्रूस लीचा 'द बिग बॉस' (१९७१) मूळ मँडरिनमधला, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतला. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या स्टुडिओचा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'ही तसाच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कँटोनीज सिनेमा जवळजवळ बंद पडला होता. १९७३ साली 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स' हा भाडेकरूंचा विनोदी सिनेमा तुफान चालला आणि ही भाषा पडद्यावर परतली. आपल्याला सुरुवातीला हवेत ते त्यानंतरचे, साधारण १९७८ ते १९८२ मधले.

पहिला 'ड्रंकन मास्टर', १९७८. दिग्दर्शक युएन वू-पिंग. पुढे 'द मॅट्रिक्स'मधली हाणामारी यांनीच बसवली. जॅकी चॅनला छळणारा दारुडा गुरू म्हणजे दिग्दर्शकाचे खरे वडील, युएन सिउ-तिन, तेव्हा साठी उलटलेले. कथेची काळजी करू नका. तालमीचे प्रसंग मात्र अजिबात पुढे ढकलू नका. उलटं लटकून, खालच्या बादलीतलं पाणी चिमुकल्या पेल्यांनी वरच्या बादलीत भरायचं! रियाजाचा कंटाळा, चिडचिड आणि शेवटी अंगात मुरलेली सफाई इतक्या प्रामाणिकपणे दाखवलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

आता मुख्य युक्ती. शेवटची मारामारी दोनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून, एका शॉटमध्ये किती वार आणि किती अडवणुकी होतात ते बोटांवर मोजा. कॅमेरा लांब उभा असतो, दोघांचं पूर्ण अंग दिसतं, कट लवकर येत नाही. हल्लीच्या सिनेमात दर ठोशाला कट असतो, त्यात नटाला काही येतं की नाही हे कळायची सोयच नसते. (थोडी लबाडी इथेही आहे: कॅमेरा किंचित हळू चालवला की पडद्यावर हात जास्त चपळ दिसतात.) मग आवाज चालू करून तेच पुन्हा. वार, वार, वार, आणि मध्येच एक विराम. सम नेमकी कुठे येते ते ऐका. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ ही मंडळी लहानपणी पेकिंग ऑपेराच्या एकाच शाळेत घडली, आणि त्या ऑपेरात अंगाची प्रत्येक हालचाल झांजा-ढोलांवर बांधलेली असते.

दुसरा सॅमो हंगचा 'द प्रॉडिगल सन' (१९८१). दक्षिण चीनमधल्या फोशान शहरातला श्रीमंत घरचा पोरगा स्वतःला अजिंक्य समजतो, कारण नोकर प्रतिस्पर्ध्यांना आधीच पैसे चारून ठेवतात. त्याचं पितळ उघडं पाडतो तो ऑपेरातला स्त्रीपार्टी नट. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही भूमिका लगेच कळते. लाम चिंग-यिंगने ती इतकी ताठ आणि तुसडी केली आहे की नायक फिका पडतो. इथली कुंग-फूची शैली विंग चुन, ती जवळून, कोपर आत ठेवून लढायची आहे. पायांपेक्षा मनगटांकडे बघा.

आता मागे जा, क्वान तक-हिंगकडे. १९४९ पासून त्यांनी वोंग फेइ-हुंग या खऱ्या वैद्य-उस्तादाची भूमिका सत्तरहून अधिक सिनेमांत केली. एकट्या १९५६ मध्ये पंचवीस निघाले. कृष्णधवल, संथ, उपदेश भरपूर. एका बैठकीत एकच बघा. खलनायक बहुधा सेक किन, तोच 'एंटर द ड्रॅगन'मधला हान. आणि लाउ चाम यांना शोधा. वोंगचा शिष्य लाम साई-विंग, त्याचे शिष्य हे लाउ चाम, आणि पडद्यावर ते स्वतःच्या गुरूचीच भूमिका करतात. त्यांचा मुलगा लाउ कार-लेउंग पुढे मोठा दिग्दर्शक झाला. अख्खं घराणंच म्हणा ना.

हे झालं की 'द मॅग्निफिसंट बुचर' (१९७९) लावा. सत्तरी ओलांडलेले क्वान तक-हिंग पुन्हा वोंग झालेत आणि हातात कुंचला घेऊन, अक्षरं काढता काढता लढतात. तो प्रसंगही आधी आवाज बंद करूनच बघा. जेट लीचा १९९१ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' त्यानंतर. त्यातली तारांवर उडणारी माणसं आधी पाहिलीत तर जमिनीवर उभं राहून लढणाऱ्या म्हाताऱ्याची किंमत कळायची नाही.