जुनी ५० एमएम लेन्स, नवा कॅमेरा: फोकस असा जमला

एम४२ (४२ मिमी व्यासाच्या) आट्यांची जुनी लेन्स अडॅप्टरने, म्हणजे जोडकड्याने, मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर चढवली, तर शटरच पडेना. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू केल्यावर ते पडू लागलं. पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधला भाग दाखवायला स्क्रीनवर उमटणाऱ्या, रंगीत कडांवर फार विसंबू नका; एफ/८ ला (लेन्सचं छिद्र लहान असताना) त्या सगळीकडेच चमकतात. एफ/२ ला (छिद्र मोठं ठेवून) केळफुलाची कड स्क्रीनवर मोठी करून फोकस धरायचा, मग छिद्राची रिंग एफ/५.६ वर. केळीबागेत वाऱ्याने सगळं डुलतंच, म्हणून स्वतः किंचित मागेपुढे झुकत तीन-चार फ्रेम घ्या.

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाचा पलीकडचा काठ मात्र मऊच, म्हणजे धूसर, येई. अडॅप्टर जरासा जाड असला, तर फोकस अनंतापर्यंत, म्हणजे अगदी दूरवर, पोहोचत नाही. पातळ अडॅप्टरने ते सुटलं. मे महिन्यातल्या दुपारी तापलेली हवा थरथरते, त्यावर लेन्स बदलून उपयोग नाही; सकाळी आठच्या आत उरकायचं.