अपक्ष उभं राहायचंय? आधी याद्या फोडा

2024 च्या विधानसभेला आमच्या जाऊबाई अपक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांची निवडणूक प्रतिनिधी मी. मतदारसंघ बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. गावं, वाड्या, तांडे मिळून पसारा इतका, की मतदान केंद्रंच तीनशेच्या वर. डिपॉझिट गेलं, ते आधीच सांगून टाकते. म्हणजे निवडून कसं यायचं ते माझ्याकडून ऐकायची आशा ठेवू नका. पण अर्ज बाद झाला नाही आणि हिशोबात अडकलो नाही. आता दोघी-तिघी विचारायला येऊन गेल्या, म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

आधी कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा. आमच्या वेळी अर्ज 22 ते 29 ऑक्टोबर. त्यात चौथा शनिवार आणि रविवार गेला, शेवटचा दिवस धनत्रयोदशीचा. माघार 4 नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. अपक्षाला चिन्ह मिळतं ते त्यानंतर. 18 ला संध्याकाळी सहाला प्रचार बंद. चिन्ह हातात घेऊन फिरायला दिवस मिळाले चौदा, त्यात गावं दोनशेच्या वर. तेव्हा चिन्हावाचून होणारं जे जे काम आहे, ते दसऱ्याच्या आत उरका.

त्यातलं मोठं काम याद्यांचं. छापील मतदार यादी घेऊन प्रत्येक गावात एका बाईला बसवा (पुरुष बसतात, पण चहा आला की उठतात) आणि नावं वस्तीवार फोडून घ्या. कोण मयत, कोण लग्न होऊन गेली, कोण पुण्याला कंपनीत, कोण कोयत्यावर. आमच्याकडे हा शेवटचा रकानाच सगळ्यात लांब. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात, आणि मतदान होतं 20 नोव्हेंबरला. मुकादमाला आधीच विचारून ठेवा, टोळी कधी उचलणार. एक मात्र लक्षात ठेवा. मतदारांना आणायला-न्यायला गाडी करून द्यायची नाही. कायद्यानं तो भ्रष्ट आचार आहे आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. मतदान करून जा, एवढं सांगणं आपल्या हातात.

अर्जाचं थोडक्यात सांगते. डिपॉझिट दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच. ते परत हवं असेल तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. निवडणूक खर्चाचं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. सणासुदीत बँकेत काय चालतं ते मी सांगायला नको. अपक्षाला सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) दहा लागतात आणि सगळे त्याच मतदारसंघातले. आमच्या एका सूचकाचा यादीतला अनुक्रमांक पुरवणी यादीत बदललेला निघाला. दुसऱ्या दहा जणांच्या सह्यांचा अर्जाचा वेगळा संच तयार होता म्हणून निभावलं. चार संचांपर्यंत भरता येतात, तेव्हा दोन तरी भराच.

मालमत्ता, कर्ज, गुन्हे सांगणाऱ्या नमुना 26 च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तिथं 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. नवऱ्याचं आणि अवलंबून असलेल्यांचंही सगळं लिहावं लागतं. जाऊबाईंच्या पाटल्या किती तोळ्यांच्या, हे त्या दिवशी घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. सासूबाई आठवडाभर गप्प होत्या.

आता चिन्ह. अर्जात तीन पसंत्या लिहायच्या असतात. आम्हाला शिलाई मशीन मिळालं आणि मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलले, कारण ब्लाऊज शिवणारी बाई नाही अशी वस्ती शोधून सापडायची नाही. चिन्ह मागताना हेच बघा, की म्हातारीला ते चष्म्याशिवाय ओळखता येतं का आणि त्याच्यासारखं दिसणारं दुसरं यादीत आहे का. 2024 च्याच लोकसभेला तुतारी आणि पिपाणीचा घोळ साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलाय.

पण आमचं घोडं दुसरीकडेच अडलं. उमेदवार झाले एकोणीस. एका यंत्रावर बटणं सोळा, म्हणून दुसरं यंत्र लागलं. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष, आणि त्यातही वर्णानुक्रम. जाऊबाईंचं नाव 'सु'नं सुरू होतं, म्हणून अनुक्रमांक अठरा. म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचं वरून दुसरं बटण. हे माइकवरून सांगून कळत नाही. नमुन्याची यंत्रं करायला परवानगी असते, फक्त ती खऱ्यापेक्षा लहान आणि वेगळ्या रंगाची हवीत. आम्ही प्लायवूडची दोन केली, पिवळी. एका तांड्यावर एका आजीपुढं ती ठेवली. आजीनं पहिल्या यंत्रावर वरून मोजायला सुरुवात केली, सोळाला बोट थांबलं, आणि म्हणाली, "बाई, तुझं तर संपलं की!" मी तिचं बोट धरून दुसऱ्या यंत्रावर नेलं. त्या दिवसापासून "अठरा नंबर" म्हणणं आम्ही सोडलं. "पहिलं यंत्र सोडा, दुसऱ्यावर शिलाई मशीन" एवढंच म्हणायचं. सभा दोन कमी घेतल्या असत्या आणि ही यंत्रं दहा केली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

फिरायची वेळही बघा. नोव्हेंबरात कापूस वेचणी असते, बायका अंधार पडेस्तोवर रानात. दुपारी गावात गेलात तर पारावरची मंडळी तेवढी भेटतील, आणि पारावरच्या मंडळींना सगळ्याच उमेदवारांच्या गाड्या आवडतात. सकाळी सातच्या आत जा, नाहीतर कापसाचं वजन चाललेलं असतं तेव्हा थेट शेतात. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद.

हिशोबाची वही मात्र घरातल्याच माणसाकडं द्या. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख, पिवळ्यावर बँक. मर्यादा चाळीस लाखांची. आपण तिच्या जवळपासही जात नाही, पण लिहावं सगळंच लागतं. एका माणसाला किंवा दुकानाला साऱ्या निवडणुकीत मिळून दहा हजारांवर रोख द्यायची नाही. चहा, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर जिल्हा प्रशासन ठरवतं आणि सभेत त्यांचा कॅमेरा खुर्च्या टिपत असतो. माझ्या भावानं त्याचा पिकअप फुकट दिला, मी वहीत लिहिला नाही. तपासणीत पिकअप निघाला आणि नोटीस आली. फुकटची गाडीसुद्धा भाड्याच्या दरानं खर्चात धरतात. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला नसेल तर ते वाटू नका. आमचा एक अख्खा गठ्ठा त्यापायी माळ्यावर गेला.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसणाऱ्या आपल्या मतदान प्रतिनिधीला पहाटे साडेपाचला तिथं पोचवा, तेव्हा अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी असते. संध्याकाळी नमुना 17-सी ची, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशोबाची प्रत घेतल्याशिवाय त्यानं उठायचं नाही. त्यावर यंत्राचा क्रमांक आणि पडलेली एकूण मतं असतात; मोजणीच्या टेबलावर तेवढाच एक कागद आपल्या बाजूनं बोलतो. तीनशे केंद्रांना माणसं आम्हाला मिळाली नाहीत. मिळाली तिथं बचत गटातल्या बाया होत्या, आणि प्रत आणायची त्यांच्यातली एकही विसरली नाही.

निकाल लागला, हरलात, तरी तीस दिवसांत हिशोब द्यावाच लागतो. नाही दिला तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात देऊन पोच घेतली. ती जाऊबाईंच्या कपाटात पाटल्यांच्या डबीत आहे, आणि याद्या अजून माझ्याकडं.