युकुलेले: सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, दहा-बारा जणांनी मिळून शिकताना

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये क्लबहाऊस असतं, एखादी हार्मोनियम असते आणि गाणारी चार माणसं तर नक्कीच असतात. युकुलेले म्हणजे चार तारांचं, छोट्या गिटारसारखं वाद्य; त्याची सामूहिक कार्यशाळा चालवायला एवढं भांडवल पुरतं. एकट्याने शिकताना बोटं आधी येतात आणि लय मागून. गटात हा क्रम उलटा ठेवावा लागतो. बाराजणांची लय एक असेल तर दोघांच्या चुकलेल्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) गाण्यात विरून जातात. लय फुटली की मात्र सगळ्यांच्या बरोबर कॉर्डचाही नुसता गोंगाट होतो.

वाद्य घेताना मोठ्यांनी कॉन्सर्ट आकार घ्यावा, लांबी साधारण २३ इंच. २१ इंची सोप्रानो लहान मुलांच्या हाताला बरं पडतं, पण मोठ्या माणसाची बोटं तिथे एकमेकांवर चढतात. दुकानात एक परीक्षा जरूर करा. तार मोकळी वाजवा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या बाराव्या घरात) दाबून वाजवा. दुसरा सूर पहिल्याचाच वरच्या सप्तकातला असायला हवा. तो बेसूर लागला तर रंग कितीही सुंदर असो, ते वाद्य परत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत प्लायसारखं थरांचं, म्हणजे लॅमिनेट, लाकूड सॉलिड लाकडापेक्षा निश्चिंत राहू देतं.

ट्यूनर, म्हणजे सूर बरोबर लागला का ते दाखवणारं यंत्र, वाद्याच्या डोक्याला लावायचा क्लिपवालाच घ्या. मोबाईलचं ॲप घरी उत्तम चालतं, पण क्लबहाऊसमध्ये ते शेजारच्याची तार ऐकतं आणि तुम्ही स्वतःची खुंटी पिळत बसता. अशा वेळी तार तुटतेसुद्धा. क्लिपवाला ट्यूनर लाकडाची थरथर मोजतो, त्यामुळे बाजूच्या आवाजाने तो सहसा फसत नाही.

वाद्य मांडीवर धरल्यावर वरून खाली तारा येतात जी, सी, ई, ए. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच, एक, तीन, सहा, आणि चारही एकाच सप्तकातल्या. सर्वांत वरची ‘जी’ची तार गिटारसारखी खर्जाची असेल असं वाटतं, पण ती शेजारच्या सीपेक्षा उंच सुराची असते. हे माहीत नसलं की माणूस जी एक सप्तक खाली लावतो आणि तार लोंबत राहते. सूर नेहमी खालून वर चढवत आणा. वर गेलाच तर आधी थोडा उतरवा आणि परत चढवा, म्हणजे खुंटीत ढील राहत नाही. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात आणि सारख्या उतरतात. तो वाद्याचा दोष नव्हे. उन्हातून एसीत आल्यावर दहा मिनिटं थांबून मगच लावा. साथीला हार्मोनियम असेल तर ट्यूनर बाजूला ठेवून तिच्या सुरांना तारा मिळवा. जुन्या पेट्या ट्यूनरच्या काट्याशी सहसा जुळत नाहीत.

दीड तासाच्या बैठकीतली पंधरा मिनिटं सूर लावण्यातच जातात, ती जाऊ द्या. खुर्च्या बिनहाताच्या हव्यात आणि अर्धवर्तुळात मांडाव्यात. कॉर्डचा तक्ता ए-थ्री कागदावर मोठा काढून लावा. तक्ता म्हणजे वाद्य उभं धरून समोरून पाहिल्याचं चित्र: सर्वांत डावी रेघ जी तारेची. शिकवणाऱ्याने बोटं दाखवताना थोडं पाठमोरं वळावं. समोरासमोर बसून दाखवलं की नवखे चित्र उलटं उचलतात.

आता उजवा हात. पहिली वीस मिनिटं डावा तळवा चारही तारांवर अलगद टेकवून तारा मुक्या करा आणि केरव्याच्या आठ मात्रा मोजा. तर्जनीचं नख जिथे वाद्याच्या गळ्याला खोकं मिळतं त्या जागी फिरवा. विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर, आणि हात कधीही थांबत नाही. आता एक, तीन, चार, सहा, सात, आठ या मात्रांना तारांना स्पर्श करा. दुसरीला आणि पाचवीला हात फिरतो, पण तारेला लागत नाही. पाचवीची रिकामी मात्रा सगळ्यांना नडते: माणूस हात थांबवतो, मग सहावी उशिरा येते आणि अख्खा गट पुढे धावत सुटतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून एका ठोक्याला दोन मात्रा घ्या. गती वाढवायचा मोह आवरा.

कॉर्ड चार पुरेत. सी: ए तारेचा तिसरा फ्रेट, अनामिका. ए मायनर: जी तारेचा दुसरा, मधलं बोट. एफ: ते मधलं बोट तसंच ठेवून ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी. जी सेव्हन: तर्जनी जागची हलवायची नाही, मधलं बोट सी तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका ए तारेच्या दुसऱ्यावर. बोट फ्रेटच्या पट्टीला चिकटून, पण पट्टीवर नको. पट्टीपासून मागे गेलं की तार खरखरते, आणि ती दाबून धरायला जोर लावला की सूर चढतो. सी वाजत नसेल तर बहुतेकदा हाताचा तळवा खालून ए तारेला टेकलेला असतो; अंगठा वाद्याच्या गळ्याच्या मागे सरकवा, मोकळी होईल. डाव्या हाताची नखं कापून या, वाढलेल्या नखांनी कुठलीच कॉर्ड स्वच्छ वाजत नाही.

बदलताना कॉर्ड हुकली तर उजवा हात फिरवत राहा, डावा पुढच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन मिळेल. गटातला हा एकच कडक नियम.

गाणं निवडताना शुद्ध स्वरांची चाल घ्या. पांढरी एक षड्ज धरली तर सीमध्ये सा, ग, प आहेत, एफमध्ये म, ध, सा, आणि जी सेव्हनमध्ये प, नी, रे, म. सातही शुद्ध स्वर तीन कॉर्डमध्ये आले. म्हणून समेवर चाल कुठे टेकते ते पाहा: ग असेल तर सी, ध असेल तर एफ, रे किंवा नी असेल तर जी सेव्हन. सा, म आणि प दोन-दोन कॉर्डमध्ये येतात, तिथे कानाला विचारा. कोमल स्वरांच्या चाली पुढच्या महिन्यासाठी ठेवा. त्यांना याच तीन कॉर्ड लावल्या की चाल मोडते, आणि गाणाऱ्यांना ते लगेच खटकतं.

गाण्याच्या पट्टीचा प्रश्न येतोच. पांढरी एक बऱ्याच बायकांना खाली पडते. चार तारांचा छोटा कॅपो, म्हणजे गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, जवळ ठेवा. पहिल्या फ्रेटवर लावला की सीच्या आकारात काळी एक मिळते. काळी चार हवी असेल तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावून षड्जाची कॉर्ड एफच्या आकारात धरा. तेव्हा एफबरोबर बी फ्लॅट आणि सी सेव्हन लागतात. बी फ्लॅट नवख्यांना जड जाते, त्यामुळे ती जमलेले दोघे-तिघेच वाजवोत, बाकीच्यांनी तेवढ्या मात्रा मुक्या ताराच वाजवाव्यात. ढोलकी सुरुवातीला नको, तिच्यापुढे बारा युकुलेलेही ऐकू येत नाहीत. टाळी पुरते.

घरी रोज दहा मिनिटं: एका मिनिटात सीवरून जी सेव्हनवर किती वेळा स्वच्छ जाता येतं ते मोजा. तीस जमले की गाण्यात अडखळणं बरंच कमी होतं. बोटांची टोकं पहिला आठवडा दुखतील. तेव्हा दहा मिनिटांचे दोन भाग करा.

लोकलने येणाऱ्यांनी पिशवी पुढे छातीशी धरावी, पाठीवर असली की गर्दीत वाद्याचा गळा वाकतो. जून ते सप्टेंबर वाद्य भिंतीला न टांगता पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. बंद गाडीत उन्हात एक तासही ठेवू नका, ब्रिजचा (खोक्यावरच्या, तारा बांधलेल्या पट्टीचा) गोंद सुटतो.