आधी लॉकचा क्रम ठरवा: साठ्याच्या नोंदींमधील डेडलॉक टाळण्याची पद्धत

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांचा बहार सुरू झाला की साठ्याच्या त्याच त्या नोंदींवर अनेक ठिकाणांहून एकाच वेळी काम होऊ लागते. समजा, एक व्यवहार, म्हणजे डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन, गोदाम ४ मधून गोदाम ९ मध्ये शंभर कॅरेट हलवत आहे आणि त्याच क्षणी दुसरा व्यवहार ९ मधून ४ मध्ये चाळीस कॅरेट आणत आहे. पहिल्याने ४ ची नोंद लॉक केली, म्हणजे आपले काम संपेपर्यंत इतरांना ती बदलता येऊ नये म्हणून ताब्यात घेतली, आणि दुसऱ्याने ९ ची. आता प्रत्येकाला समोरच्याच्या ताब्यातील नोंद हवी आहे आणि हातचे लॉक कोणीच सोडत नाही. हाच डेडलॉक.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या संगणकशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये डेडलॉक होण्यासाठी लागणाऱ्या चार अटी मांडल्या: संसाधन एका वेळी एकाच्याच ताब्यात असणे, हातचे धरून ठेवून दुसऱ्याची वाट पाहणे, ते बळाने काढून घेता न येणे आणि प्रतीक्षेचे वर्तुळ तयार होणे. यांतील एक अट मोडली तरी डेडलॉक होत नाही, आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ मोडणे सर्वांत स्वस्त पडते, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी माल कोणत्याही दिशेने जात असो, लहान क्रमांकाच्या गोदामाची नोंद नेहमी आधी लॉक करावी. अनेक नोंदी एकाच अपडेटमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच आदेशात, बदलल्यास त्या कोणत्या क्रमाने लॉक होतील याची हमी नसते. म्हणून आधी गोदाम क्रमांकानुसार ऑर्डर बाय (क्रम लावणारा शब्दप्रयोग) लावून सिलेक्ट फॉर अपडेटने, म्हणजे नोंदी वाचतानाच लॉक करणाऱ्या आदेशाने, त्या ताब्यात घ्याव्यात आणि मगच बदल करावा. हा क्रम कधीही न बदलणाऱ्या स्तंभावर ठरवावा, शिल्लक कॅरेटच्या आकड्यावर नव्हे. तो एकाच फंक्शनमध्ये ठेवून सर्वांनी तेच वापरावे, कारण रात्री चालणाऱ्या अहवालाच्या एखाद्या स्क्रिप्टने उलट क्रम घेतला तरी सगळी शिस्त वाया जाते.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणूक यंत्रणेमध्ये आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. पाठवणीची नवी ओळ घालताना फॉरेन कीमुळे, म्हणजे त्या ओळीला गोदामाच्या नोंदीशी जोडणाऱ्या दुव्यामुळे, गोदामाच्या मूळ नोंदीवर शेअर्ड लॉक बसते; ते अनेकांना एकाच वेळी घेता येते, पण इतरांना नोंद बदलू देत नाही. दोन व्यवहारांनी अशा ओळी घातल्या आणि मग दोघेही तीच मूळ नोंद अपडेट करू लागले, तर नोंद एकच असूनही ते एकमेकांना अडवतात. अशा वेळी ओळ घालण्यापूर्वीच मूळ नोंदीवर फॉर अपडेट घ्यावे. योग्य इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) नसेल तर इनोडीबी आपल्या नेहमीच्या रिपीटेबल रीड या पातळीवर (व्यवहार एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या पातळ्यांपैकी एक) तपासलेल्या सगळ्याच नोंदी लॉक करते, हेही पाहावे.

व्यवहार छोटा ठेवावा. लॉक हातात असताना छपाईची किंवा पैसे भरल्याच्या उत्तराची वाट पाहू नये.

इतके करूनही डेडलॉक झालाच, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगप्रमाणे १ सेकंद वाट पाहून तपासणी करते आणि एक व्यवहार ४०पी०१ या कोडसह रद्द करते. इनोडीबी डेडलॉक लगेच ओळखून त्रुटी १२१३ देते. अशा वेळी फक्त फसलेले विधान, म्हणजे व्यवहारातील तो एकच आदेश, पुन्हा चालवू नये. पूर्ण व्यवहार रोलबॅक झालेला, म्हणजे त्यातील सगळे बदल मागे घेतलेले असतात, म्हणून शिल्लक नव्याने वाचून तो पहिल्यापासून चालवावा, दोन प्रयत्नांमध्ये थोडा यादृच्छिक अवकाश ठेवावा आणि तीन-चार प्रयत्नांनंतर थांबून लॉगमध्ये दोन्ही व्यवहारांची विधाने नोंदवावीत.