घरी बीपी मोजून डॉक्टरांना पाठवताय? या चुका टाळा

सकाळी फोन उघडला की पेशंटच्या बीपीचे आकडे आलेले असतात. त्यातल्या बऱ्याच आकड्यांवर गोळी ठरवता येत नाही, आणि दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते आकडे निवडून पाठवणं. साताऱ्याकडचे एक काका रोज १२८/७८, १३०/८० असं कळवायचे. बेंगळुरूचा मुलगा निश्चिंत होता, पण इतके सरळ आकडे मला पटेनात. मशीन घेऊन बोलावलं आणि मेमरीचं बटण दाबत गेले. १६४, १५८, १५१, १३०. सगळे एकाच सकाळचे! "शेवटी उतरतंच की हो," काका म्हणाले. मुलाला घोर नको म्हणून ते सगळ्यात कमी आकडा कळवायचे. जी गोळी वाढायला हवी होती, ती वाढलीच नाही.

तेव्हापासून मी आकडा लिहून घेतच नाही. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनचा फोटो मागते. सकाळी चहा आणि गोळीच्या आधी, लघवीला जाऊन, पाच मिनिटं शांत बसून, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. संध्याकाळीही तसंच. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढते. ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी जास्त. "आजचं बघून लगेच सांगा" म्हणणाऱ्यांना मी थांबवते. एका आकड्यावर गोळी बदलणं धोक्याचं आहे.

दुसरी चूक पट्ट्याची. मशीनबरोबर येणारा साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाचा असतो. दंड जाड असेल तर तो आकडा फुगवतो, आणि माणूस नको ती गोळी खातो. शिंप्याच्या टेपने घेर मोजा, मोठा पट्टा वेगळा मिळतो. स्वेटरवरून तर बांधूच नका.

मोजताना बोलू नका. पायावर पाय नको, पाठ टेकलेली हवी. हात मांडीवर नको, टेबलावर छातीच्या पातळीत ठेवा. नवरा-बायकोचं मशीन एकच असेल तर आधी आपल्या नावाचं बटण दाबा, नाहीतर ॲपमध्ये दोघांचे आकडे मिसळतात. ठोके अनियमित असतील तर आधी सांगा. मनगटी घड्याळाच्या बीपीवर मी औषध देत नाही.

आकडा १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असेल, तर फोटो पाठवून निळ्या टिकची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.