बेल्ट एका बाजूला पळतोय? आधी पाना खाली ठेवा

कन्व्हेयर बेल्ट बाजूला सरकायला लागला की आमच्याकडे पहिली धाव टेल पुलीच्या (मागच्या टोकाच्या चाकाच्या) टेकअप बोल्टकडे, म्हणजे बेल्ट ताणायच्या बोल्टकडे, दोन आटे इकडे, दोन आटे तिकडे, आणि संध्याकाळी बेल्ट परत त्याच फ्रेमला घासतोय. मी पण हेच करायचो. एकदा चवथीच्या सुट्टीनंतर प्लांट चालू केला तर बेल्ट उजवीकडे पळायला लागला, अर्धा दिवस आम्ही आयडलर (बेल्टखालचे आधाराचे रोलर) ठोकत बसलो, आणि शेवटी निघालं काय तर रिटर्न रोलरच्या (खालून परत येणाऱ्या बेल्टखालच्या रोलरच्या) एका टोकावर ओल्या फाइन्सचा, म्हणजे बारीक खनिजाचा, पोळीएवढा थर बसून सुट्टीत दगड झालेला. छिन्नीने खरवडला, बेल्ट सरळ. वर आम्ही ठोकलेले आयडलर जागेवर आणायला अजून दोन तास.

म्हणून पहिलं काम नुसतं बघायचं. बेल्टच्या जॉइंटजवळ खडूने रेघ मारा, बेल्ट रिकामा दोन-तीन चकरा फिरवा आणि लांब उभं राहून बघा. बेल्टचा कुठलाही भाग आला तरी एकाच जागी बाहेर जात असेल तर दोष त्या जागेचा, म्हणजे आयडलर, पुली किंवा फ्रेमचा. पण बेल्टचा एकच ठरावीक तुकडा जिथे जाईल तिथे बाहेर पडत असेल तर दोष बेल्टचा, बहुतेक वेळा जॉइंट काटकोनात बसलेला नसतो, मग आयडलर कितीही हलवा, उपयोग शून्य. जॉइंट कापून नवीन करा. आणि रिकामा सरळ पण माल पडला की पळतोय, तर चूट (माल बेल्टवर सोडणारी घसरण) बघा, माल बेल्टच्या मधोमध पडत नाहीये.

आता आयडलरचं. रोलरचं जे टोक बेल्टला आधी भेटतं तिकडे बेल्ट जातो, सायकलच्या हँडलसारखं समजा. उजवीकडे पळतोय तर आयडलरचं उजवं टोक बेल्टच्या चालीच्या दिशेला थोडं पुढे. थोडं म्हणजे चार-पाच मिलिमीटर, जास्त नाही. आणि जिथे बेल्ट बाहेर दिसतो तिथला आयडलर नाही, त्याच्या मागचे, म्हणजे बेल्ट जिकडून येतोय तिकडचे दोन-चार. नवीन पोरं इथेच चुकतात. एक हलवला की पुन्हा दोन-तीन चकरा, मग पुढचा. हलवायच्या आधी जुन्या जागेची खूण करा, नाहीतर परत येता येत नाही.

टेकअप ताणासाठी आहे, बेल्ट सरळ करायला नाही. हेड (पुढच्या टोकाची) आणि टेल पुली फ्रेमला काटकोनात ठेवा, दोन्ही बाजूंचं माप टेपने घ्या. पॅकिंग लाइनवरच्या छोट्या बेल्टला आयडलर नसतात, तिथे मात्र टेलनेच काम करावं लागतं, ज्या बाजूला पळतो ती बाजू पाव-पाव फेरा ताणायची. हेड पुली घसरत नाही एवढा ताण पुरे, त्यावर ताणलात तर बेअरिंग आणि जॉइंट दोन्ही जातात.

गोव्यात खरा वैरी पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी, त्यात लोखंडाच्या खनिजाची बारीक लाल माती, स्क्रॅपरची (बेल्ट खरवडून साफ करणारी) पट्टी जराशी झिजली तरी हा चिखल बेल्टबरोबर खाली येतो आणि रिटर्न रोलर, स्नब पुलीवर (बेल्ट मोठ्या पुलीला जास्त वेढवणाऱ्या छोट्या पुलीवर) चिकटतो. पावसाळ्यात दर शिफ्टला स्क्रॅपर बघा, रोलर खरवडा. स्कर्ट रबर (माल बाजूला सांडू नये म्हणून लावलेली रबरी पट्टी) पण, त्यात खडा अडकला की बेल्टवर लांबच लांब चर पडते. आणि २०१२ ला खाणी बंद झाल्यावर डिचोली-साखळीकडे बेल्ट किती काळ उन्हात पडून होते, असा बेल्ट परत लावायच्या आधी दुमडून बघा, रबराला भेगा दिसल्या तर ताण देऊ नका.

हे सगळं खरवडणं-ठोकणं बेल्ट बंद करून, फक्त बघणं चालू असताना. पुलकॉर्ड (बेल्टशेजारची, आणीबाणीत थांबवायची दोरी) ओढली म्हणजे बंद नाही, ती कोणीही रिसेट करू शकतो. आयसोलेटर (वीज तोडायचा मुख्य स्विच) ऑफ, कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. चढावरच्या बेल्टवर माल असेल तर तो मोटर बंद असतानाही मागे सरकू शकतो, ग्रॅव्हिटी टेकअपचं (वजन टांगून बेल्ट ताणणाऱ्या टेकअपचं) वजन पण आधी बांधून घ्या. लुंगी, सैल शर्ट, गळ्यातली चेन काढून ठेवा.

रिकाम्या बेल्टवर सेटिंग जमलं की नट घट्ट करा, पण घरी जाऊ नका. पूर्ण माल टाकून अर्धा तास चालवून बघा, ओला माल पडल्यावर तोच बेल्ट वेगळा चालतो.